आखरावरचं दूध

आमच्या गावाच्या उगवतीला कडुनिंबाखाली एक मोकळी जागा होती. तिला आखर म्हणत. सकाळी घरोघरच्या गायी सोडल्या की त्या आपल्या पायांनी तिथे जाऊन उभ्या राहत. गावची गुरं राखणारा म्हातारा गायकी तिथून त्यांना रानात नेई आणि संध्याकाळी तिथेच आणून सोडी. माझ्या दोन गायी होत्या. माझे घरधनी सायकलने हिंगण्याला कारखान्यात पाळीवर जात. रानात गायी घेऊन फिरणारं घरात कोणी नव्हतं. गायकी होता म्हणून गायी होत्या.

मग आखराच्या पलीकडच्या शेतात लेआउट पडलं, म्हणजे घरांसाठी प्लॉट पाडून विकले गेले. विटांचे, गिट्टीचे ट्रक आमच्या एकुलत्या मुरमाच्या रस्त्याने येऊ लागले. तो रस्ता बैलबंड्यांसाठी होता. एका पावसाळ्यात त्यात गुडघाभर चाकोऱ्या पडल्या. एसटी फाट्यावरूनच परत जाऊ लागली. हातपंपावर बांधकामाच्या ठेकेदाराचे ड्रम आमच्या घागरींच्या आधी भरत. रस्ता पार फुटला तेव्हा ट्रक सरळ आखरावरून जाऊ लागले. माझ्या मोठ्या जावेच्या कालवडीचा पाय चाकाखाली आला.

गायकी दारात येऊन म्हणाला, "आखर नाई राहिला तं मी ढोरं जमवू कोठी? पाडव्याले माहं साल संपते. मंग मी दुसऱ्या गावी जाईन."

पाडव्याला दोन महिने उरले होते. गायकी गेला की माझ्या गायी बाजारात जाणार, हे मला सांगावं लागलं नाही.

लेआउटातल्या राहायला आलेल्या दहा-बारा घरी मी दूध घाली. मी हाक मारत नसे. फाटकाशी उभी राहून चरवीवर झाकण वाजवी. बाई भांडं घेऊन येईपर्यंत फाटकावरची नावाची पाटी वाचत राही. माझी चौथी झालेली. त्या पाट्यांवरच माझं वाचन टिकून होतं.

एक दिवस ग्रामपंचायतीची सभा झाली. आम्ही बायका मागे भिंतीला टेकून बसलो. सरपंचांनी लेआउटच्या लोकांचा अर्ज वाचला. गुरांमुळे रहदारीला अडथळा होतो, घाण होते, तरी आखर बंद करून ती जागा वसाहतीच्या रस्त्याला द्यावी. पुढे बसलेला एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना गा आखर. जमिनीले भाव येईन." दोघे-तिघे हसले. सरपंच म्हणाले, पाडव्यानंतर पाहू.

कागद हातोहात मागे आला. जावेला वाचता येत नव्हतं, तिने तो माझ्या मांडीवर ठेवला. मी खालच्या सह्या वाचल्या. सगळी पाट्यांवरची नावं होती. पहिली सही त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची. त्याच घरी माझं सगळ्यात जास्त दूध जाई.

जाऊ कोपराने ढोसत होती. "बोल ना वं. तुले तं वाचता येते."

मी उठले नाही. घरी येताना मला त्या लोकांपेक्षा माझाच राग जास्त आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी धार काढली नाही. ऊन वर आल्यावर गायी सोडल्या, वासरं मागे घेतली, चरवी आणि माप घेतलं आणि निघाले.

जावेने अंगणातून विचारलं, "काहून वं, दूध नाई काढलं?"

"आखरावर काढीन."

ती मग हातातला झाडू टाकून म्हणाली, "थांब, मी बी येतो."

साडेसातला सेक्रेटरीची बायको डबा घेऊन आली. एका हाताने साडी वर धरून ओल्या शेणातून वाट काढत होती. "मावशी, आज आला नाहीत? यांचा चहा राहिलाय."

मी मान खाली घालून धार काढत राहिले. जाऊच बोलली. "दूध आता इथंच भेटन बाई. गाय इथं उभी राहाले नको म्हणता, तं दूध कोठून येईन?"

"अहो, मला कुठं माहीत होतं त्या अर्जाचं," ती म्हणाली. ते खरं असावं. ती गुपचूप रांगेत उभी राहिली.

मी माप कोणालाच कमी दिलं नाही. फक्त दारात नेलं नाही. सरकारी दुधाची गाडी फाट्याच्या आत येत नव्हती, रस्ता खराब म्हणून. तो रस्ता त्यांच्याच विटांनी फोडला होता. आठवड्यात गावातल्या आणखी चार बायका आपल्या गायी घेऊन आखरावर बसू लागल्या. ट्रक यायचा, भोंगा वाजवायचा. पण पुढे लेआउटचीच माणसं डबे घेऊन उभी. एक म्हातारे बाबूजी ड्रायव्हरवर खेकसले, "रुको भाई, पहले दूध लेने दो." त्या दिवशी जाऊ पदर तोंडावर धरून इतकी हसली की तिची गाय बिथरली.

एका रविवारी सेक्रेटरी स्वतः आला, पॅन्ट दुमडून. जाऊ नेमकी कालवडीला लेप लावायला घरी थांबली होती. बाकीच्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या.

"बाई, हे असं किती दिवस चालणार?"

मला उठून जावंसं वाटलं. पण गाय पान्हावली होती, हात थांबवता येत नव्हता. हात चालू होते म्हणूनच बहुतेक तोंडही चाललं.

"अर्जावर तुमची सही पयली आहे. मी वाचली."

त्याने एक पाऊल मागे घेतलं.

"ती खोडा. आखर राहीन तं गायकी राहीन, गायकी राहीन तं गाय राहीन. ट्रकासाठी रस्ता लेआउटवाल्याले मागा. प्लॉट त्यानं इकले, आमी नाई."

"तुम्हाला वाचता येतं?"

"तुमच्याच पाट्या वाचून राहिली मी."

मी मान वर केली नव्हती. त्याचे फक्त बूट दिसत होते, शेणाने भरलेले. मग ते वळून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

पाडव्याच्या आधी लेआउटच्या लोकांनी पहिला अर्ज मागे घेऊन दुसरा केला, या वेळी लेआउटवाल्याकडे. त्याने कुरकुरत मोठ्या सडकेपासून त्यांच्या बाजूने मुरूम टाकून वाट केली. ट्रक तिकडून जाऊ लागले. आमचा फुटलेला रस्ता मात्र कोणी दुरुस्त केला नाही, आणि हातपंपावरची भांडणं पुढे कित्येक वर्षं चालली. ते मी विसरलेली नाही.

पाडव्याच्या सकाळी गायकीने दारावरून हाक दिली, "सोड वं माय, ढोरं सोड." मी दोन्ही गायी सोडल्या.

नंतर सेक्रेटरीच्या बायकोने विचारलं, आता सगळं मिटलं, दूध पूर्वीसारखं दारात आणाल ना मावशी? ती चांगली बाई होती. मला तिच्याविषयी राग नव्हता. तरी मी म्हटलं, दूध आखरावरच भेटन. गायी होत्या तोवर ते तिथेच मिळालं.