क्योटोच्या गल्लीत प्रभाताई

प्रभाताई मुलाकडे आयर्लंडमधल्या ॲथलोनला आल्या त्या २००४ साली, यजमान गेल्यावर. पुण्यात महापालिकेच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. इथे रोज सकाळी शॅनन नदीवरच्या पुलापर्यंत चालून यायच्या, मग शेजारच्या ब्रीडाकडे चहा. ब्रीडाला मराठी येत नव्हती, यांचं इंग्रजी बेताचं, तरी तासभर सहज जायचा. मुलगा मकरंद टेलिकॉम कंपनीत इंजिनियर. सून अश्लेषा माझी मैत्रीण, आणि हे सगळं मला तिच्याकडूनच कळलं.

२००६च्या ऑक्टोबरात मकरंदला कामासाठी ओसाकाला जायचं होतं. त्याने दोघींनाही बरोबर नेलं. एक दिवस तो ऑफिसात असताना सासू-सुना क्योटोला गेल्या. गेइशांची जुनी वस्ती दाखवायला अश्लेषाने हिसाको नावाची गाइड ठरवली होती.

दुपार होती. दोन माणसं कशीबशी शेजारून जातील एवढी गल्ली, खाली दगडी फरशी, दोन्ही अंगांना काळपट लाकडी घरं. एका माडीवर कुणीतरी तंतुवाद्याचा रियाज करत होतं, तीच ओळ पुन्हा पुन्हा. दारांशी लहान लाकडी पाट्या होत्या. त्या घरात राहून नाचगाणं करणाऱ्या बायकांची ती नावं, असं हिसाकोने सांगितलं.

प्रभाताई तिथेच थांबल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. अश्लेषा भाषांतर करत होती. घराच्या मालकिणीला मुली काय म्हणतात? आईच म्हणतात, हिसाको म्हणाली. लग्न केलं तर? मग हे काम सोडावं लागतं. आणि मूल झालं तर ते कुणाचं नाव लावतं? ते आपल्याला नीट माहीत नाही, असं हिसाको म्हणाली.

"आई, तुम्हाला हे विचारायला सुचतं कसं?" अश्लेषाने विचारलं.

"माझी आई बारीत नाचायची," प्रभाताई म्हणाल्या. "जामखेडकडे, लावणीच्या संगीत बारीत. नऊ वर्षांची होईपर्यंत मी तिथेच होते. मग तिने मला पुण्याच्या वसतिगृहात ठेवलं आणि सांगितलं, माघारी यायचं नाही."

प्रभाताई लहानपणीच पोरक्या झाल्या, एवढंच अश्लेषाला ठाऊक होतं. खरं काय ते फक्त त्यांच्या यजमानांना माहीत होतं.

तेवढ्यात एका दारातून चेहऱ्याला पांढरा रंग लावलेली मुलगी बाहेर पडली. तीन-चार पर्यटक कॅमेरे घेऊन तिच्यामागे धावले. प्रभाताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तिला वाट दिली. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी हॉटेलात त्यांनी मकरंदलाही सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि उद्या नाश्ता किती वाजता आहे ते विचारलं.

ॲथलोनला परतल्यावर तो विषय निघाला नाही. मकरंद वाईट वागला असं नाही, पण जेवणानंतर आईजवळ बसायचा ते त्याने बंद केलं. प्रभाताईंनीही मनधरणी केली नाही. ब्रीडाला मात्र त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ब्रीडा म्हणाली, आमच्याही घरात एका मावशीचं नाव कुणी घेत नसे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मकरंद धुतलेल्या बश्या कपाटात लावत होता. पाठमोराच म्हणाला, "आजी कधी गेली?"

"ऐंशी साली. तू तिसरीत होतास. लग्नाला जाते म्हणून सांगितलं होतं मी तुला."

"नाव काय तिचं?"

"हौसाबाई."

त्या लग्नाहून आई लाडू न घेता आली म्हणून आपण रुसलो होतो, हे त्याला आठवत होतं. तसं तो म्हणाला आणि बश्या लावत राहिला.

त्या उन्हाळ्यात तिघं जामखेडला जाऊन आले. बारी कधीच बंद पडली होती, तिथे आता सिमेंटचं गोदाम होतं. मकरंदने मालकाला विचारून आत एक चक्कर मारली. मग बाहेर येऊन आईला विचारलं, "तू झोपायचीस कुठे?"

प्रभाताई त्याला घेऊन पुन्हा आत गेल्या.