घासून परत आलेला तवा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या ओट्यावर यंत्रांची नुसती गर्दी आहे. कणीक मळायला यंत्र, भाजी चिरायला यंत्र, लसूण सोलायलासुद्धा यंत्र. कोणतंही दाखवताना त्या हवेतच अंगठा दाबतात आणि म्हणतात, "बटण दाबायचं, बाजूला व्हायचं." पण धिरडी करायची झाली की बाई आमच्या दारात हजर! "तुमचा बिडाचा तवा द्या ना. माझ्या नॉनस्टिकवर तशी जाळीच पडत नाही."

तो तवा मी लग्नानंतर भांडी बाजारातून आणलेला. त्याला कधी साबण लावला नाही. फडक्यानं पुसायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. वर्षानुवर्षं तेल पिऊन तो काळाभोर, गुळगुळीत झाला होता. धिरडं नुसतं ढकललं तरी सुटायचं.

काल तवा परत आला तो पांढराफटक. त्यात हरसूलच्या नागलीचे, म्हणजे नाचणीचे, लाडू, कारण काकू रिकामं भांडं कधीच परत करत नाहीत. "केवढं काळं चढलं होतं हो! दुपारभर तारेच्या घासणीनं घासला," म्हणत त्यांनी सोलवटलेली बोटं मला कौतुकानं दाखवली.

आता यावर ओरडायचं तरी कसं? "कशाला एवढा त्रास घेतलात?" एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं. आज सकाळी पहिलं धिरडं उलथन्यानं खरवडून काढावं लागलं. दुसरंही तसंच.

सगळं आयुष्य बटणावर काढणाऱ्या बाईनं एकच काम मन लावून हातानं केलं, आणि त्यासाठी तिला माझाच तवा सापडला!