मार्चमधली वांगी

मार्चमध्ये टोकियोत वांग्याचं रोप लावू नये. हे मी कुठं वाचलेलं नाही, दोन वर्षं रोपं मारून शिकलेय.

पहिल्या वर्षी आम्ही नुकतेच आलो होतो. नवऱ्याच्या कंपनीनं त्याला टोकियोतल्या तोयोसुला पाठवलं, त्याच्या मागोमाग मी. अकराव्या मजल्यावरचं घर, हातभर बाल्कनी. मार्चचा तिसरा आठवडा, लख्ख ऊन, लोकांनी कोट काढून हातावर घेतलेले, आणि होम सेंटरच्या दारातच रोपं मांडून ठेवलेली. मिरची, टोमॅटो, वांगी. आपल्याकडं दुकानदारानं माल मांडला की हंगाम आला, संपलं. मी सायकलच्या टोपलीत मावतील तेवढी घेऊन आले. चार दिवसांनी साकुरा फुलला, त्याच्याबरोबर थंडी परत आली, वर दोन दिवस पाऊस. मिरच्यांनी माना टाकल्या. मग कळलं की या थंडीला जपानीत चक्क वेगळा शब्द आहे, फुलांच्या दिवसांतली थंडी असा. म्हणजे सगळ्या देशाला ठाऊक असतं! ठाऊक असून दुकानदार रोपं विकतो, कॅशवरची मुलगी कमरेत वाकून आभार मानते, आणि एक माणूस म्हणत नाही की बाई गं, थांब जरा. मला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा तेच केलं, तेव्हा मात्र दोष कुणाला देणार?

तिसऱ्या वर्षी मी एका बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात बाइतो धरला, अर्धवेळ काम. सकाळी पाच तास डबे भरायचे. तिथं माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या आणि तोंडानं फटकळ. जपानी माणूस फटकळ असतो यावर माझा तोवर विश्वास नव्हता. त्यांनी मला नियम सांगितला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला यांचा वसंत सुरू होतो, कागदोपत्री. त्या दिवसापासून अठ्ठ्याऐंशी रात्री मोजायच्या. त्या सरल्या की थंडी परत फिरत नाही. मेच्या सुट्ट्या लागतात त्याच सुमारास. “तोवर दुकानात काही का दिसेना, हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. मी तसंच केलं, आणि त्या वर्षी मला कुंडीत चौदा मिरच्या आल्या.

कुंडीतच, कारण आमचं सगळंच उचलून ठेवता येईल असं होतं. बदली कधी येईल सांगता येत नाही, म्हणून चांगलं कपाट घ्यायचं नाही, भिंतीला खिळा मारायचा नाही. मला या जगण्याचा वीट आला होता. मग त्या डिसेंबरात नवरा घरी आला तो बुटांसकट आत यायचाच बाकी होता. “तीन वर्षं वाढली!” म्हणाला. मी रडले. आनंदानंच रडले, उगाच कशाला खोटं बोलू. दुसऱ्याच दिवशी त्या बेंतोवाल्या बाईंना विचारून वॉर्ड लोकांना शेतीला वाफे देतो, त्याच्या लॉटरीत नाव घातलं. आणि लागलं की हो! कालव्याच्या काठी, कुंपणाआड, दोन चटया अंथरता येतील एवढा वाफा. बाईंचा वाफा त्याच रांगेत, माझ्या शेजारी.

मी कागदावर आखणी केली. मार्चमध्ये मेथी. मेथीला थंडीचं काही वाटत नाही, सव्वा महिन्यात हाताशी येते. ती काढायची, माती भुसभुशीत करायची आणि मेमध्ये वांगी लावायची. इंडियन दुकानातून मेथीचं पाकीट आणून ठेवलं. त्या दोन चटयांच्या जमिनीत पहिली मी मेथीच पेरणार होते. तीन वर्षं ताजी मेथी खाल्ली नव्हती, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाटत होतं की आपण इथले आहोत.

पाडवा त्या वर्षी मार्चमध्येच आला होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तो हातात प्लास्टिकचा ट्रे घेऊन. वांग्याची सहा रोपं! ज्या माणसाला तीन वर्षांत तुळशीला पाणी घालायची आठवण झाली नाही, तो सूटबूट घालून ट्रेनमधून वांगी घेऊन आला.

“अरे, आत्ता नाही लावायची. मेमध्ये,” मी म्हटलं.

“उद्या पाडवा. साडेतीन मुहूर्तांतला एक. आणखी काय बघायचं?”

“मुहूर्त पुण्यातला आहे. थंडी इथली आहे.”

“लाव गं. मेमध्ये लावली तर कधी खायची?”

“जुलैत. घाई काय आहे? आणि तिथं मी मेथी पेरणार आहे.”

तेव्हा तो म्हणाला, “मेथी पुढच्या वर्षी पेर. आपण आहोत ना तीन वर्षं.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की पाणी कुठंतरी मुरतंय. पण मी विरघळले. नवऱ्यानं आपल्या हौसेसाठी काही आणलं की बाईमाणसाची अक्कल जाते, निदान माझी जाते. पाडव्याला सकाळी बाल्कनीत छोटी गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं आणि सायकली काढून वाफ्यावर गेलो. तो गुडघे टेकून माती उकरत होता. शेजारून बाई आल्या. त्यांनी रोपांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“मादा हायाई,” म्हणाल्या. अजून लवकर आहे.

“माहितेय. पण आमचं नवं वर्ष आहे,” मी म्हटलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

बाई आपल्या वाफ्याकडं वळल्या. खताच्या रिकाम्या पिशव्यांचे तळ कापून आणले, प्रत्येक रोपाभोवती चार काड्या रोवून पिशवी वरून चढवली, म्हणजे वारा लागायला नको. सहा रोपं, सहा पिशव्या. नवरा उठून त्यांना तीनदा वाकला.

बारा दिवस टिकली. मग पाऊस आला, त्यात गारा मिसळलेल्या, आणि खाडीवरून वारा. दोन पिशव्या कालव्याच्या कुंपणाला जाऊन अडकल्या. पानं आधी जांभळट झाली, मग काळी, मग देठाशी मऊ. मी ती उपटत होते तेव्हा नवराही आला होता. त्याचा चेहरा इतका पडला की मीच त्याची समजूत काढली. मी! “अरे, मेमध्ये पुन्हा लावू, त्यात काय एवढं,” असं म्हणून त्याच्या पाठीवर हात फिरवला. हे आठवलं की अजून अंगाची आग होते.

मेथीला आता सव्वा महिना उरला नव्हता, तिचं पाकीट तसंच राहिलं. अठ्ठ्याऐंशी रात्री सरल्या. मेच्या सुट्टीत मी स्वतः जाऊन सहा रोपं आणली, आणि ती काय तरारली! दोन आठवड्यांत गुडघ्याला आली. मी त्यांना काठ्यांना बांधत होते तेव्हा फोनवर मेसेज आला. ठाण्याची कुणी एक बाई. तिच्या नवऱ्याची माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत टोकियोला बदली झाली होती.

“ताई, नमस्कार! तुम्ही जूनच्या मध्यावर निघताय ना? फ्रिज आणि वॉशिंग मशीन कुणाला देऊ नका हं, आम्हीच घेऊ. आणि तुमच्या वाफ्याबद्दल ऐकलं, कित्ती छान!”

मी तो मेसेज तीनदा वाचला. मग हातातली सुतळी खाली ठेवली. बाईंनी विचारलं काय झालं, तर मला जपानी शब्दच सुचेना.

संध्याकाळी त्याला फोन दाखवला. त्यानं बूटही काढले नव्हते.

“कधीपासून माहितेय?”

“फेब्रुवारीत फोन आला होता. पण नक्की नव्हतं गं.”

“नक्की कधी झालं?”

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

“कधी झालं?”

“मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तू इतकी खूष होतीस, मला सांगवेना. म्हटलं, निदान एकदा तरी तुझ्या वाफ्यातलं वांगं खाऊन जाशील. म्हणून तर ती रोपं आणली लवकर.”

म्हणजे सगळ्या कंपनीला माहीत. ठाण्याच्या बाईला माहीत, तिनं माझ्या फ्रिजचं मापसुद्धा काढलं असेल. मला ताकास तूर लागू दिली नाही. बरं, त्यानं काही वाईट हेतूनं केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. यानं प्रेमानं केलं होतं, आणि प्रेमानं केसानं गळा कापला. आता याला शिव्या तरी कुठल्या तोंडानं घालायच्या? तरी घातल्या. शेजाऱ्यांना मराठी येत नाही हे एक बरं होतं.

वाफा परत करताना मोकळा करून द्यायचा, असा वॉर्डाचा नियम आहे. मातीत काहीही ठेवायचं नाही. म्हणून निघायच्या तीन दिवस आधी मी माझ्या हातानं ती सहा झाडं उपटली. जांभळी फुलं आली होती. एकाला वांगं धरलं होतं, माझ्या करंगळीएवढं. बाई माझ्याबरोबर मुळं झटकत होत्या. “पहिलं फळ लहान असतानाच काढायचं असतं, झाडाला जोर येतो,” त्या म्हणाल्या. मग झाड माझ्या हातात आडवं होतं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मीही पुसले. माती सारखी करून झाल्यावर वाफा मार्चमध्ये होता तसाच दिसत होता.

घरी सगळीकडं खोकी. एक तवा तेवढा बाहेर होता. त्या वांग्याचे चार काप झाले. तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तेलावर टाकले आणि ओट्याशी उभ्यानंच चारही खाल्ले. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता. त्याला एक द्यावा असं वाटलं होतं, नाही असं नाही. दिला नाही.

“कसे झालेत?” त्यानं विचारलं.

चांगले झाले होते. शेजारच्या खोक्यात, डब्यांच्या वर, मेथीचं पाकीट होतं, न फोडलेलं. ते काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“पुढच्या वर्षी पेर,” मी म्हटलं.