बादलीभर पाण्याबद्दल

पत्रकं लिहिणारा माणूस एखादी गोष्ट पोटात ठेवू शकतो, हे तुम्हाला पटणार नाही. मलाही पटलं नसतं. पण ही एक गोष्ट मी ना मित्रांजवळ बोललो, ना घरी, ना सभेत — आणि सभेत बोलायचं मी फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही. तुमच्याजवळ आज पहिल्यांदा बोलतोय.

आधी हे ऐका, की त्या उन्हाळ्यात नागपूरला आमच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात पाणी नव्हतं. खरंच नव्हतं. नळ सोडला की नुसती हवा फुसफुसायची. पोट्टे डबे घेऊन शेजारच्या वस्तीतल्या विहिरीवर जायचे, तिथल्या बाया शिव्या घालायच्या — बरोबरच होतं त्यांचं. मी चिडलो होतो. ते चिडणं मी आजही मागे घेत नाही. मग चुकलं कुठे?

कुणीतरी बातमी आणली. अभियांत्रिकीच्या इमारतीत एक सर आणि नाट्य विभागातल्या एक बाई पाण्याचा हौद करून त्यात खेळतात, आणि त्याला संशोधन म्हणतात! अभियांत्रिकी आणि नाटक — ही दोन खाती आमच्या लेखी कँटीनमध्येसुद्धा एका बाकावर बसत नव्हती. मी जागच्या जागी मथळा जुळवला : ‘आम्ही तहानलेले, साहेब पाण्यात खेळतात!’ माझा खोलीतला सोबती वसंता, सायक्लोस्टाइलचं यंत्र तोच फिरवायचा. म्हणाला, “जबरदस्त बे! आता फक्त पाहून ये, अन् मजकूर दे.”

मथळा आधी, पाहणं नंतर. असा मी गेलो.

सर म्हणजे उमाळे सर, ध्वनिशास्त्र शिकवायचे. बाई म्हणजे नाटकाच्या वैद्यबाई, खेड्यापाड्यांत खडी गंमत — आमच्याकडचा उघड्यावरचा तमाशाच म्हणा — पाहत हिंडायच्या. तू कोण, कुठला, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. सर म्हणाले, “ये, ये. असा वाकून पाहा.”

हौद कसला? चार पायांवर काचेचं एक पसरट तबक, त्यात बोटभर पाणी. वर दिवा, खाली पांढरा कागद. एक काडी पाण्याला टकटक टोचत होती, आणि दर टोच्याला एक गोल लाट निघून तिची सावली कागदावर सरकत होती. “ही काडी म्हणजे नट,” सर म्हणाले. “लाट म्हणजे त्याचा शब्द. अन् हा काठ — इथं मागं बाया बसतात.” काडीमागे टिनाची सरळ पट्टी होती. लाटा पसरत, एकमेकींत मोडत जात होत्या. काठाशी पोचेतो काही उरत नव्हतं. मग बाईंनी चित्रकलेच्या मुलांनी कापून दिलेली एक वाकवलेली पट्टी ठेवली. जराशी सरकवली. आणि — काय सांगू? — त्या गोल लाटा सरळ झाल्या. एकीमागे एक, ओळीने, न मोडता, थेट मागच्या काठापर्यंत.

बोलणं डोळ्यांना दिसत होतं! मी म्हणालो, “पुन्हा दाखवा.” त्यांनी दाखवलं. मी पुन्हा म्हणालो, “पुन्हा.”

मी नरखेड तालुक्यातला. आमच्या गावात गंमत उभी राहिली की पुरुष पुढे आणि बाया पार मागे, बैलबंड्यांजवळ. माझी आई जन्मभर तिथेच बसली. पुढचे हसले की ती हसायची, मग हळूच मला विचारायची, “काय म्हणला रे बाप्पा थो?” ती जागा आहेच तशी, असं मी धरून चाललो होतो. आणि इथे दोन माणसं त्या बैलबंड्यांपर्यंत शब्द कसा न्यायचा ते पाण्यात शोधत होती!

बाई म्हणाल्या, “मैदानावर चल.” तिथे विद्यापीठ खुला रंगमंच बांधणार होतं. त्याची मागची भिंत कशी असावी, ते याच कामावरून ठरायचं होतं. तूर्त त्यांनी बांबूचे तट्टे लिंपून त्याच वाकाने उभे केले होते. मला दूर टोकाला बाभळीखाली धाडलं. बाई तट्ट्यापुढे उभ्या राहिल्या आणि शेजारी बसून बोलावं तशा म्हणाल्या, “काहून गा भाऊ, चपलेचा अंगठा तुटला तुह्या. शिवून काहून नाही घेत? पडशीन नं!”

अख्ख्या मैदानापलीकडून! मी खाली पाहिलं. अंगठा खरंच तुटला होता. मी एकटाच त्या बाभळीखाली हसत सुटलो.

निघताना सरांना विचारलं, पाणी किती लागतं? म्हणाले, “एक बादली. संध्याकाळी झाडाला टाकतो.”

खोलीवर आलो. मथळा स्टेन्सिलवर कोरून तयार होता. सगळे वाट पाहत होते. वसंताने विचारलं, “काय पाहिलं बे?”

तुम्ही काय सांगितलं असतं? मी म्हणालो, “नळ दिवसभर सुरू आहे. साऱ्या पोट्ट्यांची आंघोळ होईल इतकं पाणी वाहून राहिलं तिथं.”

एकच हशा झाला. कुणीतरी पाठीवर थाप मारली. मला ती थाप हवी होती — आणि इतका धारदार मथळा वाया गेलेला मला पाहवला नसता. बस, एवढंच कारण. पाण्याची टंचाई खरी, माझा राग खरा, आणि ती एक ओळ खोटी. तीच मोठ्या अक्षरांत छापली.

पत्रक वाटलं, आणि अभियांत्रिकीच्या इमारतीवर मोर्चा नेला. मोर्च्यात मी पुढे होतो. दगड मी मारला नाही — पण हे सांगून काय होतं? ज्याने मारला त्याने माझी ओळ वाचली होती. तबकाची काच फुटली. पाणी फरशीवर आलं, आणि सगळ्यांच्या घोषणा एकदम थांबल्या. आम्ही सारे खाली पाहत राहिलो. ते पाणी दारापर्यंतसुद्धा पोचलं नाही. माझ्या चपलेचं टोक ओलं झालं, तेवढंच.

सर ती वाकडी पट्टी उचलून सदऱ्याला पुसत होते. बाई त्यांना हलक्या आवाजात म्हणाल्या, “हा तर ‘पुन्हा दाखवा’वाला पोरगा.”

त्या शांततेत कुणीतरी विचारलं असतं — बस इतकंच पाणी? वसंताने तोंड उघडलंही होतं. म्हणून मीच घोषणा दिली. खच्चून. बाकीचे मागून ओरडले.

चौकशीत सरांनी एक बादली सांगितली. कुणाला खरी वाटली नाही. काम बंद पडलं. वसतिगृहाला पाणी आलं नाही ते नाहीच. रंगमंच मात्र झाला — सरळ भिंतीचा.

गेल्या हिवाळ्यात आई नागपूरला आली होती. त्या रंगमंचावर खडी गंमत होती, तिला घेऊन गेलो. पुढे जागा होती. ती सवयीने मागे, बायांत जाऊन बसली. मीही तिच्याजवळ बसलो. नट काहीतरी बोलला. पुढचे हसले. आई हसली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “काय म्हणला रे बाप्पा थो?”

मलाही ऐकू आलं नव्हतं.