कोपऱ्यातली खूण

माझी भाची मारिका कधी बसून जेवल्याचं मला आठवत नाही. तीस वर्षं मी इटलीतल्या फाएन्झाच्या आमच्या टेनिस क्लबात कॉफीचा बार चालवतेय, आणि ही पोरगी एका हातात चीज भरलेली पियादिनाची पोळी, दुसऱ्या हातात फोन, अशी काउंटरपासून दारापर्यंत येरझारा घालत खाते. बस म्हटलं की म्हणते, "बसले की पाय आखडतात, आत्या." एकतीस वर्षांची घोडी झाली. त्यातली चौदा वर्षं टेनिसवर जगतेय, म्हणजे ट्युनिशिया, तुर्कस्तान, पुन्हा ट्युनिशिया. टीव्हीवर दिसतात त्या स्पर्धा नव्हेत. बघायला दोन कुत्री आणि आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळणाऱ्या चार मुली, असल्या. जगात दोनशे चाळिसाव्या नंबरच्या आसपास. एवढ्या वर्षांत पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत सोडाच, तिच्या पात्रता फेरीतही तिला कुणी उभं केलं नव्हतं.

बारमध्ये रोज पत्ते कुटणारा म्हातारा वाल्तेर तिला चिडवायचा, "तुझ्यापेक्षा तुझ्या बॅगेची चाकं जास्त झिजलीत. त्यांनाच पाठव की पॅरिसला."

"आधी हातातला डाव जिंका, मग बोला," ती म्हणायची, आणि जाता जाता त्याच्या टेबलावर सांडलेली साखर तळव्याने सारखी करायची.

ही खोड माझ्या धाकट्या भावाने लावलेली. एलिओ क्लबाची कोर्टं राखतो. लाल माती भिजवायची, जाळं ओढून सपाट करायची, रेषा झाडायच्या. बायको वारली तेव्हा मारिका चार वर्षांची होती. तो तिला कोर्टाच्या कडेला बसवून काम करायचा. लेकीला गोष्टी सांगाव्यात, तर हा बाबा दिवसभर एकच सांगायचा, "मारिका, तिथे खूण राहिली. पाय फिरव." पोर धावत जायची आणि पाय फिरवायची. पुढे खूण दिसली की तिचा पाय तिला न विचारता फिरायला लागला.

आता मातीच्या कोर्टावर चेंडूची खूण उमटते. चेंडू आत की बाहेर असा वाद झाला, तर पंच खुर्चीवरून उतरून ती खूण बघतो. पण त्याने बघायच्या आत खेळाडूने स्वतःच ती पुसली, तर त्याचा अर्थ एकच: मी हार मानली, पॉइंट समोरच्याचा. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

एप्रिलमध्ये आमच्याच क्लबात स्पर्धा झाली. मारिका उपांत्य फेरीत पोचली. समोर एकोणीस वर्षांची चेक मुलगी. सोमवारी पॅरिसची यादी लागणार होती. हा एक सामना जिंकला की मारिकाचं नाव पात्रता फेरीत पक्कं. एलिओने पहाटेपासून कोर्टाला तीनदा पाणी मारलं. मी बार वाल्तेरच्या हवाली करून कोपऱ्यातल्या कुंपणाला टेकून उभी राहिले. मला एका जागी उभं राहवेना, पण जागा सोडवेना.

तिसरा सेट. चेक मुलीला जिंकायला एक पॉइंट हवा होता. तिचा चेंडू सणसणत आला आणि माझ्या पुढ्यातच, कोपऱ्यात पडला. पंच गप्प, म्हणजे चेंडू आत. मारिकाने बोट वर केलं.

"खूण बघा," ती म्हणाली.

पंच उतरायला लागला. शिडी ती केवढी, पण हिला तेवढाही धीर नाही. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, आणि पाय फिरला.

पंच मधल्याच पायरीवर थांबला. त्याने सामना त्या मुलीला दिला. मारिका आपल्या बुटाकडे बघत राहिली. मला रडू आलं, आणि तिचा एवढा राग आला की तिच्याशी बोलायला मी दुसऱ्या दिवसापर्यंत गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्य कोर्टावर जाळं फिरलंच नाही. एलिओ अवजारांच्या खोलीत मातीच्या पोत्यावर बसला होता.

"ताई, तिचा घात मी केला," तो म्हणाला. "पाय फिरव, पाय फिरव. कुत्र्याला शिकवावं तसं शिकवलं मी तिला."

"तिला काय अक्कल नव्हती?"

"होती. मी पायात घालून टाकली."

तीन दिवस हेच. जेवण नाही, कोर्टाकडे बघणं नाही. चौथ्या दिवशी त्याने क्लबाच्या किल्ल्या माझ्या काउंटरवर आणून ठेवल्या आणि पुन्हा त्या खोलीत जाऊन बसला. मला घाबरायला झालं. कोर्टं काढून घेतली तर या माणसात उरतं काय?

मारिका त्याच दुपारी ट्युनिशियाला निघणार होती. किल्ल्या बघून ती मागे गेली. मीही गेले. ती बापाशेजारी पोत्यावर बसली. चक्क बसली.

"बाबा, सवय कसली डोंबलाची? चेंडू आतच होता, रेषेवर. जवळ गेले तेव्हा दिसलं, म्हणून खूण पुसली."

"खरं?"

"मग काय, पंचाला उगाच खाली उतरवू?"

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"हरले होते हो. कुणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं."

एलिओ उठला आणि कोपऱ्यातलं जाळं ओढून बाहेर घेऊन गेला. तासाभरात बारमध्ये येऊन वाल्तेरला सांगत होता, "शेवटचा पॉइंट, आणि पोरगी खोटं वागली नाही. माझी पोरगी." वाल्तेरने पत्ते खाली ठेवून त्याच्याशी हात मिळवला.

मी मारिकाला स्टेशनवर सोडायला गेले. फलाटावर ती बॅग घेऊन वर-खाली फिरत होती. गाडी आली तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"मी कुंपणापाशीच होते," मी म्हणाले. "चेंडू दोन बोटं बाहेर होता."

"तीन," ती म्हणाली, आणि बॅग उचलून गाडीत चढली.