राणी रंगाचे हातमोजे

लातूरच्या आमच्या फुटबॉल संघात हातमोजे एकाच माणसाकडे होते, आणि तो गोलकीपर नव्हता. गोलकीपर मी होतो. मी उघड्या हातांनी चेंडू अडवायचो, आणि डाव्या बाजूने पळणारा चांदपाशा मन्यार थंडी पडली की लोकरीचे हातमोजे घालून मैदानात उतरायचा. त्याच्या बायकोने, हुस्नाभाभीने, जुना स्वेटर उसवून ते विणले होते. रंग राणी.

मला लिहायची सवय नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी झाली, तिथे लिहिले ते अर्जांवरचे शेरे. पण चांदपाशाबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांनी त्याला खेळताना पाहिलेलं नाही.

गंजगोलाईच्या बाजाराजवळ त्याचं बांगड्यांचं दुकान. वडिलांचं, त्याआधी आजोबांचं. लग्नसराईत पेटी घेऊन तो खेड्यांत चुडा भरायला जायचा. बांगड्या भरणाऱ्याचा हात मऊ लागतो. तळव्याला भेगा पडल्या की त्या बाईच्या हाताला टोचतात, ती हात आखडते आणि काच अडते. आमचं मैदान मुरमाचं. थंडीत त्यावर पडलं की तळहात सोलून निघायचा. म्हणून हातमोजे. हे त्याने मला एकदा सांगितलं. बाकीच्यांना सांगत बसला नाही. त्यांना चिडवू दिलं.

"चांदभाई, मेंदी दिसंल म्हणून झाकली का?"

"हाव. तुझ्या लग्नात दावतो. तुला पोरगी तर मिळू दे."

भूकंप झाला त्या वर्षीचा हिवाळा. नांदेडच्या एका स्पर्धेत आम्ही पहिल्यांदाच अंतिम सामन्यापर्यंत गेलो होतो. आणि सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी किल्लारीकडच्या एका वस्तीत अण्णारावांच्या मुलीला, शिवगंगाला, चुडा भरायचा होता. गाव उरलं नव्हतं, लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. भूकंपानंतरचं तिथलं ते पहिलं लग्न. शिवगंगाचा डावा हात दगडाखाली सापडला होता. हात वाचला, पण अंगठा आत वळत नव्हता. आधी एका बांगडीवाल्याने माप बघायला म्हणून एक बांगडी चढवली, ती कडकन गेली. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण त्या शेडमध्ये नुकत्याच इतक्या बायकांच्या बांगड्या उतरल्या होत्या की तो आवाज कुणाला सोसेना. तिच्या आजीने, केवळाबाईंनी, त्या माणसाला परत पाठवलं आणि चांदपाशाला निरोप धाडला. अण्णाराव माझ्या सासरकडचे, म्हणून निरोप मीच आणला.

तो जाऊन पोरीचा हात बघून आला. "भरतो आजी. एक बी वाढणार न्हाई," असा शब्द देऊन आला.

आमचा कॅप्टन बजरंग म्हणाला, "मग सामन्याला येतोस का न्हाई?"

"येतो की. तुलाबी शब्द दिलाय."

नांदेडला सकाळपासून बारीक पाऊस लागला होता, वर गोदावरीकडून गार वारा. चांदपाशाचे हात बघून समोरच्या संघातला एकजण ओरडला, "ओ पंच, यांचे गोलकीपर दोन हैत का? अन् खऱ्या गोलकीपरचे हात तर उघडे हैत!" लोक हसले. पंचांनी जवळ येऊन हातमोज्यांची बोटं एकेक करून दाबून पाहिली. "आत कडक काही नाही. खेळा," म्हणाले.

आत कडक काही नव्हतं, पण खोबरेल होतं. चुडा भरायच्या आदल्या दिवशी तळव्यांना तेल जिरवायची त्यांच्या घरची रीत. ती त्याने त्या दिवशीही पाळली, आणि पावसाने ते तेल लोकरीतून बाहेर आलं. उत्तरार्धात आमच्या गोलजवळच्या रेषेवरून त्याने थ्रो घेतला. चेंडू हातातून निसटला आणि समोरच्याच्या पायात जाऊन पडला. त्याने मारला. माझी बोटं चेंडूला लागली, पण चेंडू आत गेला.

"काढ ते मोजे!" बजरंग किंचाळला.

"थ्रो तू घे," चांदपाशा म्हणाला. "मोजे निघणार न्हाईत."

त्यानंतर तो जसा पळाला तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. बाहेर जाणाऱ्या एका चेंडूसाठी त्याने अंग झोकून दिलं आणि दोन्ही तळव्यांवर मुरमावरून घसरत गेला. चेंडू त्याने बजरंगला पोचवला. बजरंगने मारला, तो खांबाला लागून परत आला. आम्ही एक शून्यने हरलो.

एसटीत बजरंग लातूर येईपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. चांदपाशाने शेजारी बसून हातमोजे काढले. तळव्याकडची लोकर फाटून धागे लोंबत होते. खाली कातडी साबूत होती. त्याने हात माझ्यापुढे धरले. "बघ वीरण्णा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. हुस्नाभाभीने रातोरात हातमोजे रफू केले होते, ते घालूनच तो शेडमध्ये शिरला. ऊन पाण्याने हात धुतले आणि शिवगंगाचा डावा हात हातात घेतला. भोवती बायका दाटीने उभ्या होत्या. तो अंगठ्याच्या बुडाशी हळूहळू दाबत राहिला आणि बोलत राहिला.

"पोरी, नवरा उंच हाय का बुटका?"

तिने मान खाली घातली.

"बुटका असंल. उंच असता तर लगेच सांगितलं असतंस."

ती फिस्सकन हसली. हात सैल पडला, आणि हिरवी बांगडी अंगठ्यावरून मनगटावर गेली. मग दुसरी. मग तिसरी. शेवटची गेल्यावर शिवगंगाने मुद्दाम हात हलवून बांगड्या वाजवल्या. मागे कुठली तरी बाई रडू लागली, पण ते रडणं वेगळं होतं. शिवगंगाने वाकून त्याला नमस्कार केला. केवळाबाईंनी हातमोजे उचलून पाहिले आणि मला विचारलं, "हे काय रं?" मी नांदेडची सगळी गोष्ट सांगितली.

तीच मी बजरंगलाही सांगितली. पुढच्या आठवड्यात एका नव्या खेळाडूने हातमोज्यांवरून चेष्टा केली, तेव्हा बजरंगने चेंडू हातात धरला. "त्या मोज्यांना हसायचं न्हाई," म्हणाला, आणि मगच खेळ सुरू झाला.

आता आमच्या लातूरच्या त्या मैदानाच्या तिन्ही बाजूंना क्लासचे बोर्ड आहेत. चांदपाशाच्या दुकानात बांगड्यांपेक्षा क्लासच्या पोरींचे क्लिप आणि रबर जास्त खपतात. जुबेर, त्याचा मुलगा, दुकान बघतो. चांदपाशा कोपऱ्यात बसतो, थंडीत हातमोजे घालून.

मागच्या जानेवारीत मी तिथे बसलो असताना शिवगंगा आली. मुलीला, तनुजाला, डॉक्टरकीच्या क्लासला घातलं होतं.

"हिला भरू का?" चांदपाशाने विचारलं.

"नको आजोबा," तनुजा म्हणाली. "परीक्षेला घड्याळसुद्धा काढायला लावतात."

"मला भरा मामा," म्हणत शिवगंगाने डावा हात पुढे केला. चांदपाशाने हातमोजे काढून ठेवले, तळवे एकमेकांवर चोळले आणि तो अंगठा धरला. हात म्हातारा झालाय, पण अजून मऊ आहे. बांगड्या गेल्या, एकही वाढली नाही.

तनुजा हातमोजे उलटेपालटे करत होती. "हे बांगड्या भरायचे आहेत का?"

शिवगंगाने मनगट हलवून बांगड्या वाजवल्या.

"न्हाई," ती म्हणाली. "फुटबॉलचे हैत ते."