एकोडीतली सकाळची सभा

हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत स्त्री-पुरुष समानतेचा आराखडा लिहिणाऱ्या गटात मी होतो. 'पाणीवाटपाच्या सभेची वेळ बायकांना विचारून ठरवावी,' असं एक वाक्य त्यात होतं. एका देशानं नाक मुरडलं, सगळे कंटाळले होते, आणि मीच म्हणालो, "काढून टाका, किरकोळ आहे." लोकांनी माझे आभार मानले.

पुढच्या आराखड्यासाठी गावं पाहायची म्हणून यंदा श्रावणात भंडाऱ्याहून साकोली आणि तिथून एकोडी गाठली. पावसानं ओढ दिलेली. बांध्यांमधला (धानाच्या वाफ्यांमधला) चिखल घट्ट व्हायला लागलेला. गावातल्या शकुनबाईंच्या शेतात रोवणी (भातलावणी) चालली होती. धुऱ्यावरून (बांधावरून) जाताना मी घसरलो तो थेट गुडघाभर चिखलात. बाया खदाखदा हसल्या.

"खाली आलेच आहा, तं दोन पेंड्या रोवा ना भाऊ!"

रोवल्या. माझी वाकडी ओळ पाहून पुन्हा हशा.

दुपारी डबे सुटले. भात, लाखोरीची डाळ, लसणाची चटणी. शकुनबाईंनी आपल्यातलं अर्धं मला वाढलं.

"बोडीचं (छोट्या तलावाचं) पाणी पयले कोणाले, ते उद्या सकाळच्या सभेत ठरते. आमी तवा चिखलात. उपटलेले पऱ्हे (भाताची रोपं) थांबतेत काय? मंग आमची पाळी शेवटी, अन् बांधी सुकते. सभा सांजच्याले घ्या म्हणा ना अध्यक्षायले. तुमचं आयकतीन."

संध्याकाळी पाणी समितीच्या अध्यक्षांच्या अंगणात बसून बायांचं म्हणणं मांडलं. माणूस मोठा लाघवी. चहा पुढे करत म्हणाले, "बायायचं खरं हाय. पण दरसालची वेळ मी कोणाच्या भरवशावर बदलू? लोक मलेच खातीन. तुमच्या त्या मोठ्या कागदात हाय काय जी असं? असन तं आत्ता दवंडी देतो."

"नाही," मी म्हणालो. पुढचं चहाबरोबर गिळलं.

सभा सकाळीच झाली. शकुनबाईंची पाळी शेवटची लागली.

मी निघालो तेव्हा त्या चिखलाच्या पायांनी बसपर्यंत आल्या. लाखोरीची पुडी हातात ठेवली. "जाऊ द्या भाऊ. आमच्यासाठी बोललेत, तेच लय झालं."

साकोली येईपर्यंत मला खिडकीबाहेर बघवलं नाही. ते वाक्य आराखड्यात परत घालणं माझ्याकडून बाकी आहे. आणि त्याच्याही आधी, ते मीच काढलं होतं, हे एकोडीला जाऊन शकुनबाईंना सांगणं बाकी आहे.